मास्तर सत्काराला निघाले

शिक्रापूरला आम्ही तिघं एका खोलीत राहायचो आणि शेजारच्या गल्लीतल्या मेसवर जेवायचो. त्या मेसच्या शेगडीपाशी मास्तर असायचे. मास्तर म्हटलं की हातात खडू घेतलेला माणूस डोळ्यांपुढं येतो, पण यांनी शाळा चौथीतच सोडलेली. हे बँजोमास्तर. दौंडला त्यांची स्वतःची बँजो पार्टी होती आणि एके काळी मास्तर मोकळे आहेत का हे विचारून लोक लग्नाची तारीख धरायचे, असं ते स्वतःच सांगायचे. त्यातलं चार आणे सोडलं तरी बारा आणे खरं असावं.

ज्यांनी आमच्याकडची वरात पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा बँजो म्हणजे लाकडी पट्टीवर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. तो हातगाड्यावर ठेवायचा, वर कर्णे, मागं जनरेटर, बाजूला ढोलकी नि ताशा, आणि पुढं घामाघूम झालेलं अर्धं गाव. मग डीजे आला आणि हे सगळं बसलं. मास्तरांची पार्टी मोडली, ढोलकीवाला ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर लागला, ताशावाला वारला आणि मास्तर कंपनीतल्या पोरांच्या चपात्या लाटायला शिक्रापूरला आले.

त्यांचा डावा हात कधी स्वस्थ नसे. चपाती तव्यावर पडली की बोटं ओट्यावर चालू लागायची. हायवेवरून कंटेनर हॉर्न देत गेला की मान न वळवता त्याचा सूर सांगायचे, "काळी दोन." कुकरची शिट्टी झाली की, "पांढरी चार, पन जरा बसलीया." आमच्यातला मुकेश बिहारचा, कंपनीत प्रेस शॉपला. त्याच्याशी मास्तर स्वतः तयार केलेल्या हिंदीत बोलायचे. "खाओ रे पोट भरके, लाजो मत," असा आग्रह झाला की मुकेश हसून लोळायचा आणि दोन चपात्या जास्त खायचा. मी क्वालिटीत, म्हणजे माल तपासणीत होतो, म्हणून मला ते 'साहेब' म्हणायचे. त्यात आदर नव्हता, टवाळी होती. "साहेब, ही चपाती पास का रिजेक्ट?" असं रोज विचारायचे, आणि मी एकदा गमतीनं रिजेक्ट म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत टॉवेल होते. वरात दारात पोचली की माइकवरून नाव पुकारून नवऱ्याकडचे लोक बँजोमास्तरला टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. नारळ खाल्ले गेले, टोप्या विरल्या, टॉवेल उरले. थंडीत त्यांनी आम्हाला एकेक काढून दिला. आम्ही तिघं शिरूर-दौंडच्या लग्नांनी अंग पुसत होतो. माझ्या टॉवेलकडं बोट दाखवून ते म्हणाले, "ह्यो मलठनचा. नवरी चौथ्या दिशी पळून गेली, पन टॉवेल बघा कसा टिकलाय."

मी विचारलं, "मास्तर, पैसे जास्त मिळाले की टॉवेल जास्त, आनंद कशाचा?"

"पैशे काय, ठरल्यालं असत्यात. पन चार लोकांत नाव घिऊन डोक्यावर टोपी घातली की मानूस पाक सुखावतो साहेब. येवडं तरी कलाकाराला मिळायला पायजे."

मुलाची गोष्ट त्यांनी एका रविवारी दुपारी सांगितली. मेस बंद होती आणि ते आमच्या दारात कडधान्य निवडत बसले होते. मुलगा सुहास. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली. मास्तरांनी त्याला बटणांवर बसवलं. "माझ्यापरीस हात गोड," हे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला. तो कॉलेजात गेला तरी लग्नसराईत लाल कोट घालून बापाशेजारी उभा राहायचा. कुरकुंभच्या बाजूला एका वरातीत नवऱ्याकडून त्याच्याच वर्गातली पोरं निघाली. एकानं मोबाइल वर धरला आणि ओरडला, "ए, बँजोवाल्या, आपलं गाणं घे की!" सगळी हसली. सुहासनं कोट काढला, घडी करून गाड्यावर ठेवला आणि वरातीतून चालता झाला.

"मग तुम्ही?"

"म्या वाजवत व्हतो."

"त्याच्या मागं नाही गेलात?"

"सुपारी घेतली व्हती साहेब. वरात दारात न्हेऊस्तवर वाजवनाऱ्यानं हात थांबवायचा नसतो. माझ्या बापानं मला तसंच सांगितलं व्हतं." ते निवडलेली मटकी पुन्हा निवडू लागले. "घरी गेलो तर पोरगं गेल्यालं. पुण्याला गेला म्हनून कळलं. फोनचा नंबर बदलला. तवा हात थांबवला असता म्हंजी..."



आमच्यातला तिसरा नित्या, करमाळ्याचा, पेंट शॉपला. त्याच्या कानात कायम ती इअरफोनची बोंडं आणि त्यात पुण्या-मुंबईच्या पोरांचे बँड. सिनेमातली नव्हेत, स्वतः लिहिलेली, स्वतःच्या चालीची गाणी. मला त्यातलं काही कळत नसे. सगळीच गाणी दुःखी असून शिवाय हळू, एवढं माझं मत होतं. एका संध्याकाळी जेवताना नित्या ओरडला, "अरे, आपल्या इथं शो आहे! न्हावऱ्याच्या पुढं, लॉन्सवर!" पुण्याची पोरं तंबू ठोकून नदीकाठी राहणार आणि गाणी ऐकणार, असा तो प्रकार होता. त्यानं मोबाइल आमच्यापुढं धरला. पडद्यावर चार दाढीवाली पोरं. मास्तर चपाती वाढायला आले आणि हातात चपाती धरून तसेच वाकून राहिले.

"ह्यो मदला आमचा सुहास हाय."

नित्या म्हणाला, "मास्तर, हा बँडचा मेन सिंगर आहे."

"दाढी वाढीवलीय. पन डावा हात बग. आंगठा आत घेतलाय. ती खोड मोडाया म्या किती मारलंय त्याला."

चपाती गार झाली. नित्यानं त्याच रात्री चार तिकिटं काढली.

त्या शनिवारी मास्तर दाढी-कटिंग करून, पांढरा शर्ट, पांढरी टोपी घालून आमच्या दारात उभे राहिले. हातात कापडी पिशवी. पिशवीत कोरा टॉवेल, कोरी टोपी आणि नारळ.

"हे कशाला?" नित्यानं विचारलं.

"सत्काराला. येवड्या लोकांत गातंय पोरगं, घरचं कुनी न्हाई. कार्यक्रम सपला की माइकवाल्याला नाव सांगायचं. त्यो पुकारंल, मग म्या वर जायाचं."

नित्यानं डोक्याला हात लावला. असल्या कार्यक्रमात माइकवाला नाव पुकारत नाही, सत्कार तर नसतोच, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मास्तर ऐकेनात. "उगं कायबी सांगू नगंस. गान्याचा कार्यक्रम हाय न्हवं? मग सत्कार असनारच." मी मास्तरांच्या बाजूनं होतो. आमच्या कंपनीत सेफ्टी वीकलासुद्धा सत्कारात निम्मा वेळ जातो. सत्कार नसलेला कार्यक्रम मी तरी पाहिला नव्हता.

मुकेशनं विचारलं, "मास्तर, बेटे को क्या बोलोगे?"

मास्तर बराच वेळ पिशवीचा बंद चाचपत राहिले. "टोपी घालताना कानात सांगनार. घरी ये, येवडंच. दुसरं काय न्हाई."

दोन मोटारसायकलींवर आम्ही निघालो. मास्तर माझ्या मागं, पिशवी मांडीवर, एक हात मागच्या दांडीला. न्हावरं ओलांडल्यावर उसाच्या पट्ट्यात ते लॉन्स लागलं आणि मास्तर मागून हसले. तिथं त्यांनी लग्नं वाजवली होती. जनरेटर कुठं, आचाऱ्याचं दार कोणतं, नवरीची खोली कोणती, सगळं त्यांना पाठ. समोरच्या दारानं तिकीट दाखवून आत जायचा मात्र त्यांचा पहिलाच प्रसंग होता. मनगटाला कागदी पट्टी बांधली तेव्हा त्यांनी हात असा पुढं केला जणू राखी बांधताहेत.

बाउन्सरनं पिशवीत हात घातला. "अंकल, नारियल अंदर नहीं जाएगा."

"अहो, सत्काराचा हाय!"

"भाई, किसी को मारने थोड़ी लाए हैं," मुकेश मध्ये पडला. पण तो गडी ऐकेना. स्टेजवर कुणी फेकला तर, असं त्याचं म्हणणं. शेवटी नारळ त्याच्या खुर्चीखाली ठेवला, जाताना घेऊन जा म्हणाला. मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. टॉवेल-टोपीवर भागवू."

आत हिरवळीवर चटया, झाडांना दिव्यांच्या माळा, हातावर गोंदलेली पोरं-पोरी. मास्तरांनी सगळीकडं नजर फिरवली आणि जेवायला कुठं वाढलंय ते विचारलं. दिवस मावळता मावळता बँड स्टेजवर आला. सुहासनं गिटार गळ्यात अडकवली. लोकांनी आरोळ्या मारल्या आणि मास्तरांनी माझा दंड धरला.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. लोक उभे होते, डोळे मिटून माना हलवत होते. मास्तर अस्वस्थ झाले. ते स्टेजकडं कमी आणि लोकांच्या पायांकडं जास्त बघत होते.

"नित्या, कुनीच नाचंना की रं. पोराचं चुकतंय का काय?"

"नाही मास्तर. ह्यात असंच उभं राहून ऐकतात."

"मौतीला उभं ऱ्हात्यात तसं?"

पण लोकांचे ओठ प्रत्येक ओळीला हलताहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उजळला. सगळ्यांना पोराची गाणी पाठ होती. शेजारच्या एका मुलीला ते ओरडून म्हणाले, "त्यो मदला माझा हाय!" गिटारच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. ती गोड हसली आणि मान हलवून पुन्हा गाऊ लागली. एवढा आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पिशवीतून टोपी काढून त्यांनी तिची घडी दोन बोटांनी सरळ केली, टॉवेल दुसऱ्या हातावर घेतला आणि आम्हाला घेऊन गर्दीतून पुढं सरकत पार स्टेजच्या कठड्यापाशी गेले. सुहास दहा पावलांवर होता. दिवे त्याच्या डोळ्यांवर होते, त्याला खालचं काही दिसत नसावं.

मग बँड थांबला आणि सुहास बोलू लागला.

"हे शेवटचं गाणं माझ्या वडिलांसाठी आहे. ते बँजो वाजवायचे. वरातीत. मी तुमच्यासमोर उभा आहे तो त्यांच्यामुळं." मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे भरून आले होते. टोपी पुढं धरून त्यांनी एक पाऊल उचललंसुद्धा. "मी कॉलेजला असताना ते गेले," सुहास म्हणाला. "एका वरातीत, वाजवता वाजवता. शेवटपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. हे गाणं त्यांना ऐकवायचं राहून गेलं. तुमच्या मोबाइलचे लाइट लावाल का, त्यांच्यासाठी?"

लोकांमधून हळहळ उठली. आजूबाजूला शेकडो दिवे वर गेले.

मला काही कळेना. आधी वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मग नित्याचा चेहरा पाहिला. तो लालबुंद झाला होता. "हरामखोर," तो म्हणाला आणि कठड्यावर पाय ठेवून वर चढू लागला. "ए! इकडं बघ! तुझा बाप इथं—"

मास्तरांनी त्याचं मनगट पकडलं. चपात्या लाटून लाटून त्या हातात पकडीसारखी ताकद आली होती. नित्याला त्यांनी खाली ओढला.

"गप. त्यो गातोय."

"मास्तर, तुम्ही जिवंत आहात! जा ना वर! घाला त्याला टोपी!"

"आता गेलो तर पोरगं खोटं पडंल. येवड्या लोकांत." ते कुजबुजले. "नगं रं. पयलंच एकदा चार लोकांत त्याचं हसं झालंय माझ्यापायी."

गाणं सुरू झालं होतं. दुसऱ्यांच्या दारापर्यंत वरात पोचवणाऱ्या माणसाचं गाणं, ज्याच्या स्वतःच्या दारात कुणी उभं नाही. मी गाण्यातला माणूस नव्हे, पण ते गाणं चांगलं होतं, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आला. मास्तरांची डाव्या हाताची बोटं कठड्यावर चालू लागली. बरोबर सुरावर, जराही न चुकता.

"चाल माझीच हाय," ते म्हणाले. "वरात दारात आली की म्या ही घ्यायचो. इसरला न्हाई."

आणि मग आजूबाजूचे सगळे स्तब्ध उभे आहेत हे पाहून मास्तरांनीही आपल्या डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि मान खाली घालून उभे राहिले. शेजारची ती मुलगी रडत होती. मुकेश तोंड फिरवून उभा होता. स्वतःच्या श्रद्धांजलीला तो माणूस शिस्तीत, सगळ्यांच्या बरोबरीनं उभा होता.

दारापाशी बाउन्सरनं नारळ पुढं केला. "अंकल, आपका नारियल." मास्तरांनी तो घेतला, लॉन्सच्या भिंतीलगतच्या दगडावर फोडला. पोराच्या नावानं आणलेला परत न्यायचा नसतो, म्हणाले. एक भकल त्यांनी बाउन्सरला दिलं आणि टॉवेल-टोपी त्याच्या हातात ठेवली.

"त्यो गानारा पोरगा हाय न्हवं, त्याला द्या. कुनी दिली इचारलं तर सांगा, ऐकनाऱ्यानं दिली."

त्यानं ती पोचवली का, की ती तशीच खुर्चीखाली पडून राहिली, हे मला माहीत नाही. पोचली असेल तर सुहासला काय वाटलं असेल, याचा विचार मी आजवर हजारदा केला आहे.

चौफुल्याच्या रस्त्यावरच्या एका टपरीवर आम्ही चहा घेतला. नित्या धुमसत होता. त्याला त्या पोराला लगेच मेसेज करायचा होता. यातलं कुणाला काही सांगायचं नाही, अशी मास्तरांनी आम्हा तिघांना स्वतःची शपथ घातली. म्हणून इथं मी नावं सगळी बदलली आहेत. शपथ तेवढ्यापुरती पाळली गेली असं मी मानतो.

"राग नाही आला मास्तर?" मी विचारलं.

"राग कशाचा? मेल्यावर समदे चांगलंच म्हनत्यात साहेब. मला जित्तेपनी ऐकाय मिळालं." ते हसले. आम्ही कुणी हसलो नाही, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. "आन् त्याचंबी खरंच हाय की. त्या वरातीत म्या हात थांबवला न्हाई. त्याच्यासाठी तवाच गेलो आसंन."

परतीच्या वाटेवर त्यांनी मागची दांडी धरली नाही. दोन्ही हातांनी माझा शर्ट धरून, कपाळ पाठीला टेकवून बसले होते. रस्ता खराब होता. मी गाडी हळू चालवली आणि मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर मास्तर तसेच होते. चपात्या गरम, हॉर्न काळी दोन. फक्त दौंडच्या गोष्टी संपल्या. ते गाणं पुढं बरंच गाजलं, पोरांच्या मोबाइलवर वाजू लागलं. मेसमध्ये ते लागलं की नित्या ताट तसंच सोडून उठायचा. पुढं हायवे रुंद करताना ती मेस पाडली, आणि मास्तरांचा नंबर आता लागत नाही. मुकेशनं दौंडला जाऊन शोध घेतला, तर जुन्या घरात दुसरेच लोक निघाले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मेस पाडायच्या आधी, मला चाकणला नोकरी लागली त्या दिवशी. दुपारी जेवून निघायचं होतं. समोर एक नवा ट्रेनी इंजिनिअर बसला होता, महिनाभरापूर्वीच आलेला. त्यानं मोबाइलवर तेच गाणं लावलं होतं. मी बंद कर म्हणणार, तोच तो उत्साहानं म्हणाला, "मास्तर, हे ऐकाच. ह्या पोराचे वडील बँजो वाजवायचे, वाजवता वाजवताच गेले. दरवेळी रडू येतं मला."

मास्तरांनी पिठाचे हात झटकले आणि त्याच्या शेजारी उभं राहून ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"ग्वाड गातंय पोरगं," ते म्हणाले. "बाप असाय पायजे व्हता त्याचा."

"हो ना! तुम्हाला मुलं किती, मास्तर?"

मास्तरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं, पण त्यांनी बारीकशी मान हलवली.

"मला न्हाई कुनी," ते म्हणाले, आणि त्याच्या ताटात गरम चपाती वाढून शेगडीकडं गेले.